तिसऱ्या किल्लीचा धनी कोण?

ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेतील मातब्बर पेढ्या एकामागून एक कोसळत असताना, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानांच्या एका निबंधाने बिटकॉइनची कल्पना जगापुढे मांडली. दोन माणसांच्या देवघेवीत बँकेसारख्या त्रयस्थाची गरजच उरू नये, हे तिचे सार. परंतु दिलेले पैसे परत फिरविता येणार नसल्याने विक्रेता निर्धास्त होईल असे सांगताना त्याच निबंधाने, खरेदीदाराच्या संरक्षणासाठी ‘एस्क्रो’ची, म्हणजे आपल्या रोजच्या शब्दात अनामतीची, व्यवस्था सहज करता येईल असेही जाता जाता म्हणून ठेवले आहे. दारातून घालविलेल्या त्रयस्थाला परसदाराने आत घेणारे हे वाक्य बिटकॉइनच्या भक्तांना सहसा आठवत नाही.

वास्तविक त्यात नवल नाही. संगणकांच्या साखळीला नाण्याचा हिशेब कळतो, मालाचा कळत नाही. रक्कम कोठून कोठे गेली ते ती बिनचूक नोंदवील, पण पोहोचलेल्या खोक्यात यंत्र होते की विटा होत्या, हा तंटा तोडण्यास माणूसच लागतो. मात्र त्या माणसाला वेसण घालण्याची जी युक्ती या तंत्राने काढली तिला दाद दिलीच पाहिजे. अनामत सांभाळणारी बँक रक्कम प्रत्यक्ष आपल्या ताब्यात घेते. येथे तिजोरीला तीन किल्ल्या, एक खरेदीदाराची, एक विक्रेत्याची, एक पंचाची, आणि त्यांतील कोणत्याही दोन लागल्याखेरीज ती उघडत नाही. व्यवहार सुरळीत झाला तर पंचाला कोणी विचारीत नाही, बिनसला तर तो ज्याच्या बाजूने कौल देईल त्याच्याबरोबर किल्ली फिरवितो, पण एकट्याने त्याला छदामही उचलता येत नाही. आमच्या काही सहकारी बँकांच्या संचालकांना अशा किल्ल्या वाटल्या असत्या तर ठेवीदारांचे पुष्कळ अश्रू वाचले असते!

परंतु बहुसंख्य ग्राहक किल्ली स्वतःजवळ ठेवीतच नाहीत. ती ते बाजार चालविणाऱ्या कंपनीच्या हवाली करतात, आणि मग तिसरी काय, पहिली-दुसरी किल्लीही त्रयस्थाच्याच जुडग्यात जाते. टोकियोच्या ‘माउंट गॉक्स’मधून सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले, नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालेल्या ‘एफटीएक्स’ने ग्राहकांचा पैसा भावंड-कंपनीच्या सट्ट्यात लोटला होता, आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या ‘वझीरएक्स’ची सुमारे २३ कोटी डॉलरची मत्ता लुटली गेली, ती तर अनेक स्वाक्षऱ्यांच्या, म्हणजे अशाच अनेक किल्ल्यांच्या, कुलपातून.

बँका धुतल्या तांदळासारख्या आहेत असे नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना आरंभी स्वतःच्या पैशातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली होती. तथापि १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा पुढच्याच वर्षी ठेवविम्याचा कायदा झाला, त्याचे प्रारंभीचे १,५०० रुपयांचे संरक्षण आज पाच लाखांवर आले आहे. बुडाल्यावर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे बँकेच्या ठेवीदाराला ठाऊक असते.

आभासी चलनाच्या ग्राहकाला ते दार सरकारने दाखविलेले नाही. स्वतःच्या हिताविषयी मात्र ते विलक्षण दक्ष आहे: एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का कपात, आणि ही कपात करून खजिन्यात भरण्याचा जिम्मा बहुधा बाजार चालविणाऱ्या याच कंपन्यांवर. ज्यांना सरकार आपले वसुलीदार नेमते, त्यांच्या दप्तरात ग्राहकांची अनामत त्यांच्या स्वतःच्या भांडवलापासून वेगळी आहे की नाही, हे पाहण्यासाठी ते हिशेबतपासनीस धाडू शकत नाही काय? घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन २०१६ च्या कायद्याने बिल्डरांवर घातलेच आहे. त्याच धर्तीचे एक कलम या कंपन्यांसाठी लिहिण्यास आणखी एखादी लूट होण्याची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.