चौरस फूट विचारून झाले, आता बागेचा नकाशा मागा

परवा आमच्या गल्लीत क्लस्टरवरून बैठक झाली. दोन तास चालली. घर किती फुटांचं, भाडं किती, पार्किंग मिळणार का, चावी कधी, सगळे प्रश्न विचारून झाले. बरोबरच आहेत ते. शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "आणि मयत झाली तर कुठे ठेवायची?" काही जण हसले. मला हसू आलं नाही.

किसननगरमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न लगेच कळतो. आमच्याकडे हळद गल्लीत, बारसं गल्लीत, गणपतीचा मांडव गल्लीत. माणूस गेला की त्याला खाली आणून ठेवतात तेही गल्लीतच. गल्ली अरुंद आहे, ॲम्ब्युलन्स अडकते, सगळं मान्य. पण आमचा हॉल तोच आणि मैदानही तेच. उद्या ही गल्ली जाणार, टॉवर येणार. मग तिचं काम कोण करणार?

गैरसमज नको. क्लस्टर हवंच. याच किसननगरात नव्वदच्या दशकात साईराज इमारत कोसळून १८ जण गेले. २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ ७४ जण ढिगाऱ्याखाली गेले. त्यानंतर किती वर्षं वाट बघितली आपण! ५ जून २०२३ ला भूमिपूजन झालं, काम सिडकोकडे आलं. घर पक्कं मिळणार असेल तर आनंदच आहे.

पण हिशोब करून बघा. ३२३ फुटांच्या घरात पाच माणसं म्हणजे माणशी ६५ फूटसुद्धा नाही. दहावीच्या पोराने अभ्यास कुठे करायचा? आजोबांनी संध्याकाळी कुठे बसायचं? छोट्या घराची अर्धी खोली बाहेर असते. श्रीमंताला बाग नसली तर तो क्लबात जाईल. आपण कुठे जाणार? फार तर रायलादेवी तलावावर, रस्ता ओलांडून.

वागळे इस्टेट आखली ती कारखान्यांसाठी. म्हणून तर आपले पत्तेसुद्धा रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे. कामगार राहणार कुठे, त्याची पोरं खेळणार कुठे, हे मात्र कुणी नीट आखलं नाही. वस्त्या वाढल्या त्या जागा मिळेल तशा. आता पहिल्यांदाच सगळं नव्याने आखायची संधी आलीय. ती घालवली तर पुढची पन्नास वर्षं मिळणार नाही.

आधी असं झालेलं नाही का? झालंय. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीने माणसं मरतात हे तेव्हा सरकारला कळलं होतं. दादर-माटुंग्याची आखणी त्याच ट्रस्टची, आणि फाइव्ह गार्डन्स त्या आखणीतलीच. म्हणूनच आजही तिथे म्हातारी माणसं फिरताना दिसतात. आणि सिडकोचंच उदाहरण घ्या. ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी साधारण सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती बसवली. टॉवरमध्ये तसंच्या तसं जमणार नाही, पण माणसांना मधली जागा लागते एवढं तरी त्यातून घेता येईल.

आता नियमाचं. मोठ्या भूखंडावर साधारण १० टक्के जागा मोकळी सोडायची, असं राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली सांगते. ग्यानबाची मेख पुढे आहे. ही जागा जमिनीवर की पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर? पोडियमवर हिरवळ होते, कुंड्या होतात, वडाचं झाड होत नाही. शिवाय तिथे लिफ्टने जायचं, गेटवर वॉचमन. समोरच्या वस्तीतलं पोर आत शिरेल का? मुंबईच्या नियमांबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही. ठाण्यातही आपण तेच मागायला हवं.

समाजमंदिराचंही तेच. बांधणं सोपं असतं, खरा प्रश्न चावीचा. कितीतरी हॉल आपण बघितलेत, उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि दाराला कुलूप. नाहीतर कुणाचं तरी ऑफिस. म्हणून भाडं किती, बुकिंग कुणाकडे, हे आधीच लेखी ठरायला हवं. सकाळी बालवाडी, दुपारी बचत गट, रात्री अभ्यासिका आणि एखादा हळदीचा कार्यक्रम, एवढं सगळं एकाच हॉलमध्ये बसू शकतं. तळमजल्यावर, मोठ्या दाराचा आणि बाहेर मोकळा ओटा असलेला असला तर आजींच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत घराच्या नकाशाबरोबर हेही मागा: बाग जमिनीवर आहे का? सगळ्यांना खुली आहे का? ती पहिल्या टप्प्यात होणार की शेवटच्या? हॉलची चावी कुणाकडे? उत्तरं तोंडी नकोत, नकाशावर आणि करारात हवीत. शेवटच्या टप्प्यावर ढकललेली बाग बहुतेक वेळा कागदावरच राहते.

आजींना मी म्हटलं, पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसा आणि हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारा. तुम्हीही या.