उत्तरपत्रिका परत द्या!

परवा पुतण्याचा फोन आला होता. बोलता बोलता विषय हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेवर आला. म्हणाला, "काका, परदेशी पैशांवर चालणारी संस्था ती. आपलं बियाणं घेऊन जाणार, आपल्याला काय मिळणार?" मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. पण फोन ठेवल्यावर वाटले, याचा मुद्दा चुकला असला तरी राग अगदीच चुकीचा नाही. म्हणून हा लेख.

आधी बियाण्याचे बोलू. इक्रिसॅट १९७२ साली स्थापन झाली, ती कोरडवाहू मुलखातल्या पिकांसाठी. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग... म्हणजे आपले जेवणाचे ताटच की! पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली एक गावरान बाजरी पाटणचेरूला आली. तिच्यातून निवड करून 'आयसीटीपी ८२०३' हे वाण तयार झाले आणि १९८८ साली महाराष्ट्रात आले. पुढे त्यातूनच जास्त लोह असलेली 'धनशक्ती' निघाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने ती २०१२ साली आपल्या शेतकऱ्यांना मिळाली. त्या टोगोच्या शेतकऱ्याने "आमचं बियाणं नेतात" म्हणून दार लावून घेतले असते तर? ही देवघेव आहे, लूट नव्हे.

मग माझे भांडण कशाशी आहे? ज्या देवघेवीत एक बाजू विसरली जाते, तिच्याशी.

१९७५ साली या संस्थेने सहा गावांचा अभ्यास सुरू केला. त्यातली चार गावे आपली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातली ४० कुटुंबे निवडली, त्यांत भूमिहीन मजूरही होते. पाहणी करणारे गावातच राहायचे. पेरले काय, पिकले काय, मजुरी किती, कर्ज किती, सगळे वर्षानुवर्षे टिपून घेतले. माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही ते कर्जाचे आकडे या लोकांनी सांगितले! त्या आकड्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी लेख लिहिले, ग्रंथ लिहिले.

अर्थशास्त्र शिकणाऱ्या नातीने त्यातले एक संशोधन मला समजावून सांगितले. हान्स बिन्स्वांगर यांनी महाराष्ट्र-आंध्रातल्या अशा गावकऱ्यांबरोबर खरे पैसे लावून एक खेळ केला. कोण किती धोका पत्करतो ते पाहायचे. १९८० साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की रक्कम मोठी झाली की गरीब आणि श्रीमंत दोघेही सारखेच जपून वागतात. गरीब नवे करायला धजत नाही तो स्वभावाने भित्रा म्हणून नव्हे. त्याला कर्ज, बाजार, माहिती या गोष्टी मिळत नाहीत म्हणून.

मी ऐकतच राहिलो. जन्मभर आपण काय ऐकत आलो? "आपला शेतकरी जुन्याला चिकटून बसतो, त्याला धाडस नाही." मीसुद्धा वर्गात हे बोललो आहे, आज लाज वाटते. या आरोपाला उत्तर आपल्याच खेड्यांतून निघाले, ते इंग्रजीत छापले गेले, आणि किती मराठी शेतकऱ्यांच्या कानावर गेले?

मी नोकरीला होतो त्या गावात एकदा एक पाहणी झाली होती. ती मंडळी निराळी, त्यांचे नाव घेत नाही. मास्तर म्हणून मीच त्यांना घरोघरी फिरवले. जाताना "अहवाल पाठवतो" म्हणाले. मी निवृत्त झालो, अहवाल यायचाच आहे. एक म्हातारी कितीतरी दिवस विचारायची, "मास्तर, त्या लोकांनी आमचं काय लिवलं?" काय सांगणार?

कोणी म्हणेल, शास्त्र इंग्रजीतच चालते, शेतकऱ्याला ते कळायचे नाही. वा! दहा वर्षांचा पाऊस आणि सावकाराचे व्याज तोंडपाठ सांगताना तो शहाणा, आणि निष्कर्ष ऐकताना अडाणी? आणि दोष एकट्या इक्रिसॅटला का द्यावा? चार कृषी विद्यापीठे आपली आहेत, अर्थशास्त्राचे मराठी प्राध्यापक आपले आहेत. हे काम त्यांचेही नाही का?

आम्ही मास्तर लोक पेपर तपासून मुलांना परत देत असू. किती मिळाले, कुठे चुकले हे पाहण्याचा हक्क मुलाचा. आंतरराष्ट्रीय भागीदारीच्या प्रत्येक करारात एवढे एकच कलम घाला. गावाकडून जे घेतले त्यातून काय निघाले, ते त्याच गावात, त्याच्या भाषेत, चावडीवर वाचून दाखवायचे. त्याखेरीज 'भागीदारी' हा शब्द वापरू नये.

असो. पुतण्या हे वाचेलच. बाळा, राग धर, पण बियाण्यावरून नको. त्या म्हातारीच्या प्रश्नावरून धर.