मुलाचं ऑपरेशन: रुग्णालयांनी एवढं तरी करावं

बेळगावकडची मराठी कुटुंबं मुलाच्या ऑपरेशनसाठी रात्रभर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला येतात. कुणी जयदेव रुग्णालयात जातं, कुणी इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेत, कुणी व्हाइटफील्डच्या सत्यसाई रुग्णालयात. तारीख ठरलेली असते, डॉक्टर नावाजलेले असतात, तरी आदल्या रात्री आईबापांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ही धास्ती पूर्ण जाणार नाही. पण तिच्यातला मोठा भाग कुणी नीट न सांगितल्यामुळे असतो, आणि तो दूर करणं रुग्णालयाच्या हातात आहे.

१. संमतीपत्रक आईबापांच्या भाषेत हवं. उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय आहेत का, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात बजावलं आहे. इंग्रजी कागदावर बोट ठेवून ‘इथं सही करा’ म्हटलं की ही अट पुरी होत नाही. कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या परिचारिका याच शहरात आहेत. त्यांना या कामासाठी वेळ द्या.

२. उपाशी का ठेवायचं, ते समजावून सांगा. सर्वसाधारण नियम असा: जेवण ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी तर २०२२ साली मुलांना १ तास आधीपर्यंत पाणी चालेल असं ठरवलं. आपल्याकडे मात्र ‘रात्री बारानंतर काही नको’ एवढंच सांगून मोकळे होतात. मग नंबर लागतो दुपारी. पोर पाण्यासाठी रडून रडून घसा कोरडा करतं, आणि न राहवून कुणी आजी पदराआड बिस्कीट देते. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ज्याला कारण कळतं तो नियम पाळतो. यादीत लहान मुलांना सकाळी पहिला नंबर द्या.

३. भूलतज्ज्ञानं आदल्या दिवशी भेटावं. ‘पुन्हा शुद्धीवर येईल ना?’ हा प्रश्न आईबाप सर्जनला विचारायला कचरतात; तो या भेटीत विचारता येईल. मुलाला भुलीचा मास्क हातात घेऊन बघू द्यावा. आईबापांची भीती मुलात उतरते, म्हणून आधी त्यांना धीर द्यायला हवा.

४. ऑपरेशन चालू असताना बाहेर थांबलेल्या आईबापांना निरोप पाठवा. २००७ साली बेंगळुरूच्या स्पर्श रुग्णालयात बिहारच्या दोन वर्षांच्या मुलीवर सुमारे २७ तास शस्त्रक्रिया चालली, तेव्हा आतली खबर देशभर पोचत होती. साध्या हर्नियाच्या पोराच्या बापालाही ‘भूल दिली’, ‘टाके घालताहेत’, ‘रिकव्हरीत आणलं’ एवढे तीन निरोप मिळायला काय हरकत आहे?

५. खर्चाचा अंदाज लेखी द्या, आणि रक्त लागणार असेल तर आधीच सांगा. परगावात ऐन वेळी रक्तदाते कुठून आणायचे?