वाशिमला कॅफे नाहीत म्हणे!

गेल्या हिवाळ्यात एका सायकल ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "वाशिम साइडला दोन दिवसांची राइड करायचा विचार आहे. वाटेत सायकलवाल्यांना चालतील असे चांगले कॅफे सुचवा." पाच मिनिटांत उत्तरं आली. "तिकडे काहीच नाही." "पाणी घरूनच न्या." "त्यापेक्षा चिखलदऱ्याला जा." एकाने नकाशाचा स्क्रीनशॉट टाकला. 'कॅफे' असं शोधल्यावर वाशिम ते कारंजा हा पट्टा जवळजवळ कोरा दिसत होता. विषय तिथेच संपला आणि राइड चिखलदऱ्याला गेली.

मी त्या ग्रुपमध्ये आहे आणि मी वाशिमची आहे. शेगावला इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं पुण्यात कोडिंग केलं, आता त्याच कंपनीचं काम घरून करते आणि रविवारी पहाटे सायकल काढते. त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. राग आला की मला टाइप करता येत नाही. आता राग निवलाय, म्हणून उत्तर देते. जरा लांबलंय.

पहिली गोष्ट त्या स्क्रीनशॉटची. डेटाबेसमध्ये नोंद नाही म्हणजे ती वस्तू जगातच नाही, असं समजणाऱ्या नवख्या पोराला आमच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात झापतात. नकाशावर तेच दिसतं जे कुणीतरी भरलेलं असतं. आणि भरतं कोण? कारमधून येणारा, मोबाइल हातात धरून रेटिंग देणारा. वाशिम-मालेगाव रस्त्यावरच्या फाट्यावर पत्र्याचं छप्पर, बाहेर दोन बाकडी, एक खाट, एक रांजण आणि कढईत आलुबोंडे असलेलं जे ठिकाण आहे त्याला आमच्याकडे 'हॉटेल' म्हणतात. त्याला पाटी असलीच तर देवाच्या नावाची असते. 'कॅफे' शोधून ते सापडणार कसं? रामटेकला जायचंय आणि तुम्ही रामेश्वर टाइप केलंय, तर चूक नकाशाची नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. विदर्भात सायकल चालवणाऱ्याला ऊन शिकवतं. मार्चपासून पुढे पहाटे पाचला निघायचं आणि दहाच्या आत घरात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा अकरा वाजता रस्त्यावर असणं हा पराक्रम नसून मूर्खपणा असतो. आता सांगा, शहरातला कॅफे उघडतो किती वाजता? दहा, साडेदहा, अकरा. म्हणजे ज्या कॅफेवाचून तुमची राइड अडली आहे तो राइड संपल्यावर शटर वर करतो. फाट्यावरचं हॉटेल पहिल्या एसटीआधी पेटलेलं असतं, कारण त्याचं गिऱ्हाईक दूधवाले, ड्रायव्हर-कंडक्टर आणि भाजी घेऊन बाजाराला निघालेली माणसं. तुमच्यासारखीच पहाटे घराबाहेर पडलेली.

आणि राइडवर लागतं तरी काय? पाणी, कारण उन्हात तासाला अर्धा लिटर सहज लागतं, कधी त्याहून जास्त. मीठ आणि साखर, कारण घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी ढोसून डोकं गरगरायला लागतं. सावली. सायकल नजरेसमोर राहील अशी जागा. या चौथ्या गोष्टीचं मोल गाडीवाल्यांना कळत नाही. आमच्या सायकलींना स्टँड नसतो, त्यांना टेकायला भिंत लागते. चाकं तर एक खटका फिरवला की निघून हातात येतात. म्हणून सायकल डोळ्याआड झाली की चहा गोड लागत नाही. पाचवी गोष्ट संडास. तिच्याकडे येतेच.

पहिल्या चार गोष्टी आमच्या फाट्यावर मिळतात, आणि त्यातल्या तीन फुकट. पाणी रांजणातलं, सावली कडुनिंबाची, भिंत हॉटेलची. चौथीचे पैसे पडतात: लिंबू सरबत, आलुबोंडा आणि गोड चहा. महागड्या जेलच्या पुडीत जे असतं त्यातलं बरंचसं यात आहे, आणि पुडी रस्त्यावर फेकायची सोयही नाही.

मागच्या वर्षी मी एकटी शेलूबाजारच्या रस्त्याला होते. एका हॉटेलसमोर थांबले. मालक साठीच्या पुढचे.

"कुठून आली, बाप्पा?"

"वाशिमहून."

"सायकलवर? काहून, एसटी चुकली काय?"

"नाही काका, हौस."

"हौस!" त्यांनी हा शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग आतल्या पोराला हाक मारली, "पाणी दे रे बाईले." मी पाणी पिईपर्यंत ते सायकलभोवती एक फेरी मारून आले, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "मी बी मालेगावले सायकलनंच दूध नेत होतो. चाळीस लिटर. पन तवा हौस नोती."

मी अडखळत विचारलं, बाथरूम आहे का. ते क्षणभर थांबले. हॉटेलात नव्हतंच. मग मागच्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, "जाय पोरी, घर मांगंच हाये. माह्या सुनेले सांग." सुनेने काही न विचारता बादली भरून दिली. परत येईपर्यंत काकांनी माझी सायकल उन्हातून उचलून सावलीत ठेवली होती.

त्याच महिन्यात एका चकचकीत फूड मॉलसमोर रखवालदाराने मला अडवलं. "मॅडम, सायकल इथं नाही लावायची. ही गाड्यांची पार्किंग आहे." मग कुठे लावू? त्याने रस्त्याकडे हात केला. आत टाइल्स चमकत होत्या, संडासही स्वच्छ असणार. पण माझी सायकल रस्त्यावर सोडून मी आत गेले नाही. नकाशावर त्या जागेला साडेचार तारे आहेत.

आता तुमची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती निम्मी खरी आहे. तुम्ही म्हणाल, त्या काकांचं कौतुक ठीक, पण प्रत्येक फाट्यावर असे काका आणि अशी सून असेल याची हमी काय? नाही. पुरुष सायकलवाले कुठेही झुडपाआड जातात आणि मग 'वाटेत काही प्रॉब्लेम नाही' असा अहवाल देतात. बाईला पन्नास किलोमीटर तहान दाबून सायकल चालवावी लागते, कारण प्यायलं की जावं लागेल. मी हे केलंय, आणि त्यानंतर पोटऱ्यांत आलेले गोळेही सोसलेत. तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह मोफत असायला हवं. असतंही. कुलूप लावलेलं. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. तेव्हा संडासाची मागणी शंभर टक्के रास्त आहे. माझं भांडण एवढंच आहे की तुम्ही संडास मागत नाही, कॅफे मागता. कॅफे मागितला की ती तुमची आवड ठरते आणि सगळे हसून सोडून देतात. संडास मागितला की तो एसटीची वाट पाहणाऱ्या आजीचा, कापूस वेचायला निघालेल्या बायांचा आणि माझा, सगळ्यांचा प्रश्न होतो.

हे भांडण नवं नाही. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांची एक संघटना निघाली. पुढे तिचं नाव सायकलिस्ट्स टूरिंग क्लब झालं. सायकलवाल्यांना नीट वागवणाऱ्या हॉटेलांच्या भिंतीवर ती पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावायची. अशाच एका पाटीच्या हॉटेलात, सरे परगण्यातल्या ओकम गावी, १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून पोचल्या. लांब घागऱ्याऐवजी सायकलला सोयीचा सैल पायजम्यासारखा पोशाख त्यांनी घातला होता. मालकिणीने त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही. तिकडे बाजूच्या दारूच्या खोलीत बसा, म्हणाली. क्लबने बाईंच्या बाजूने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला. मालकिणीने जेवण नाकारलं नव्हतं, फक्त खोली बदलली होती, हा बचाव चालला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ढाब्यांवरची 'फॅमिली रूम' आठवली. घामाने भिजलेली, सायकलची घट्ट चड्डी घातलेली बाई आली की पोऱ्या आधी तिकडे बोट दाखवतो. प्लायवूडचा आडोसा, पंखा बंद, आणि तिथून सायकल दिसत नाही. कुणी काही नाकारलेलं नसतं. फक्त खोली बदललेली असते. बाहेरच्या बाकड्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसून चहा पिणं हे बाईने करून दाखवावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. तिसऱ्या खेपेला पोऱ्या बोट दाखवत नाही, आपण होऊन बाकडं पुसतो.

जर्मनीत सायकलस्वारांची एडीएफसी नावाची संघटना आहे. १९९५ पासून ती सायकलवाल्यांना सोयीच्या लॉज-हॉटेलांना 'बेट अँड बाइक' अशी ओळख देते. तिच्या अटी पाहा: एका रात्रीसाठी आलेल्यालाही खोली द्यायची, सायकल कुलपात ठेवायला जागा, ओले कपडे वाळवायची सोय, भरपेट न्याहारी, दुरुस्तीची चार हत्यारं. भिंतीवर जुनी सायकल टांगा, असं त्यात कुठे नाही. पुण्यात मी अशी टांगलेली सायकल पाहिली आहे. खालच्या फुटपाथवर खरी सायकल लावू देत नव्हते.

आता आपल्या वागण्याकडे येऊ. बाराजण येतात. सहा चहा सांगतात, 'दोन-दोनमध्ये करा' म्हणतात. चोवीस बाटल्या भरून घेतात, रांजण रिकामा. खिशातून घरची केळी आणि प्रोटीन बार निघतात. सायकली काउंटरला अशा टेकवतात की गावातल्या गिऱ्हाइकाला आत यायला वाट राहत नाही. तासभर फोटो. निघताना साठ रुपयांच्या बिलावर हिशेबाची घासाघीस. हीच माणसं शहरात दोनशेची कॉफी पिऊन निमूट कार्ड पुढे करतात. स्वागत पाहिजे ना? मग आधी गिऱ्हाईक व्हा. माणशी एक चहा, एक नाश्ता, पाण्याचा रांजण संपवला तर दोन बादल्या हापशावरून आणून द्या. मालकाला तुमची जर्सी नाही, चेहरा आठवला पाहिजे.

आणि 'सायकलवाले' म्हणजे आपणच का? मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सकाळी त्या घोळक्याने रस्त्यावर असतात. त्यांना कुठल्याच ग्रुपवर कुणी रायडर म्हणत नाही. दुपारच्या उन्हात परत येताना त्या कुठे थांबतात, पाणी कुठे पितात, हे कुणी विचारलं आहे? ज्या हॉटेलच्या बाकड्यावर नववीतली मुलगी संकोच न करता बसून पाणी पिऊ शकते ते हॉटेल सायकलवाल्यांचं. माझं माप हेच आहे. या मापाने मोजलं तर अजून बरीच हॉटेलं नापास होतील. कॅफे तर जवळजवळ सगळेच.

शेवटचं, आणि घाईचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारसायकललाही बंदी आहे, सायकलचं नावच काढू नका. खाली कारंजा-शेलूबाजार-मालेगाव-मेहकर हा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता आहे. ट्रक वर गेले, तसा तो निवांत होत चालला. म्हणजे सायकलीला जे हवं तेच झालं. पण ट्रकवर जगणाऱ्या हॉटेलांची चूल त्याच निवांतपणाने थंड पडते. त्या काकांच्या शेजारचं हॉटेल मी गेल्या वेळी बंद पाहिलं. बाकडी उलटी करून ठेवली होती. आपण 'तिकडे काहीच नाही' म्हणत चिखलदऱ्याला जात राहिलो, तर दोन-चार वर्षांत ते वाक्य खरं ठरेल.

म्हणून मी एक यादी करते आहे. हॉटेलचं नाव किंवा फाट्याचं नाव, आणि पुढे पाच रकाने: पाणी, खाणं, सावली, सायकल दिसेल अशी भिंत, बाईला जाता येईल असा संडास. हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर टाकता येतं, तिथे कुणीही नोंद करू शकतो. पहिले चार रकाने बहुतेक भरलेत. पाचवा जवळजवळ रिकामा आहे. तो भरायला ग्रामपंचायतीकडे आणि पंपाच्या मॅनेजरकडे पुन्हा पुन्हा जावं लागेल, आणि एकटीने ते होत नाही. आपल्या बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. त्यावर नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो. मी वाटेतल्या दोन दुकानांत एकेक ठेवून आलेय. तुम्ही याल तेव्हा पुढच्या दोन दुकानांसाठी आणा.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला वाशिमच्या बसस्टँडसमोर या. काकांकडे सातला पोचू. चहा दोन-दोनमध्ये मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते.