स्मरणचित्रासाठी डोळे मिटायला लावू नका

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. त्याची तयारी करून घेताना मुलांना सर्रास सांगतात: डोळे मिटा, जत्रा डोळ्यांसमोर आणा आणि काढा. चौलच्या आम्हां मुलांची जत्रा म्हणजे दत्ताच्या डोंगराची, दरवर्षी पाहिलेली. तरी डोळे मिटले की मला काहीच दिसत नसे. आजही दिसत नाही. आईचं गोंदण कपाळावर नेमकं कुठे होतं, बोलताना ती मान कुठल्या बाजूला कलती करायची, हे सगळं मला ठाऊक आहे. चेहरा मात्र समोर येत नाही.

याला अफँटेशिया म्हणतात. माणसामाणसांतला हा फरक फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच नोंदवला होता. लोकांना त्याने न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. नाव मिळालं २०१५ मध्ये, एक्सेटर विद्यापीठाच्या अ‍ॅडम झेमन यांच्याकडून. शंभरात एखाद्याचं मन असं असतं. हा आजार नव्हे.

आणि हा विसराळूपणाही नव्हे. आमच्या वाडीत कुठली पोफळ कलली आहे, पाटाचं पाणी कुठे वळतं, रामेश्वराच्या पुष्करणीपासून देवळाचं दार कुठल्या अंगाला, हे मी घरात बसून बिनचूक सांगेन. विल्मा बेनब्रिज यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. खोल्यांचे फोटो पाहून ते आठवणीने काढताना अशा लोकांच्या चित्रांत वस्तू आणि रंग कमी होते. पण काढलेली वस्तू इतरांइतकीच अचूक जागी होती, आणि मुळात नसलेल्या वस्तू त्यांनी इतरांपेक्षा कमी घुसडल्या होत्या. डिस्नेच्या ‘द लिटिल मरमेड’मधली एरियल रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही. ते कागदावर रेषा ओढत ओढत चित्र शोधतात.

म्हणून कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. जत्रा काढायला सांगताना आधी विचारा: पायऱ्या कुठून सुरू होतात? बांगड्यांची दुकानं चढताना डाव्या हाताला की उजव्या? पाळणा किती लांब? गर्दी वर चाललीय की खाली? उत्तरांनुसार मुलांना कागदावर जागा आखू द्या, माणसं मागाहून भरू द्या. आणि एखादं मूल म्हणालं, “बाई, मला काहीच दिसत नाही”, तर ते टाळाटाळ करतंय असं समजू नका. त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि डोळे उघडे ठेवूनच काढू द्या.