मुकी तार

रात्रीचे साडेनऊ. ऑफिसमधून येऊन, वरणभात हाणून मी बेडवर मांडी ठोकून बसलेय. मांडीवर गिटार. डाव्या हाताची तीन बोटं कशीबशी तारांवर टेकवली, उजव्या हाताने स्टाइलमध्ये वरून खाली ओढलं आणि... खर्रर्र! हॉलमधून बाबांचा आवाज, ‘‘अगं, त्यातली एक तार मुकी आहे!’’

बाबांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. पण चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलीये. कान एकदम तयार. शिवाय हेच ते बाबा, ज्यांना मी नववीत गिटार मागितली तेव्हा ‘आधी दहावी’ असं उत्तर मिळालं होतं. मग बारावी, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. शेवटी अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःच्या बोनसमधून घेतली. आता ती वाजली नाही तर बाबाच बरोबर ठरणार. म्हणजे प्रेस्टिज इश्यू की हो!

मग ठरवलं, चोर पकडायचाच. सी कॉर्डची बोटं जागेवर ठेवली आणि सगळ्या तारा एकदम न वाजवता एकेक छेडली. सर्वांत जाड तार सीमध्ये वाजवायचीच नसते. उरल्या पाच. त्यातली सर्वांत बारीक तार गप्प. गुन्हेगार कोण? तर्जनी! स्वतःची तार दाबता दाबता ही बया आडवी होऊन शेजारणीला टेकत होती.

उपाय सोपे, पण जिवावर येणारे. पहिला, डाव्या हाताची नखं कापली. (ऑफिसात दोन दिवस चर्चा होती, एकाच हाताला नेलपेंट का?) नखं गेली तेव्हा कुठे बोटं टोकावर उभी राहिली. तळहात मानेला चिकटवायचा नाही, मुठीत लिंबू धरल्यासारखा पोकळ ठेवायचा. अंगठा मागे, साधारण मधल्या बोटासमोर.

दुसरा, बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी अलीकडे ठेवायचं. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. पट्टीवरच चढलं तर आवाज बसतो.

तिसरा, उगाच पहिलवानी नको. बोट तारेवर नुसतं टेकवा आणि छेडत छेडत दाब हळूहळू वाढवा. स्वच्छ आवाज आला की तिथेच थांबा. बस, एवढाच जोर लागतो!

कॉर्ड बदलतानाही सगळा हात उचलू नका. सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर उडी मारते.

बोटं दुखतात? दुखणारच. रोज दहा मिनिटं पुरे, घट्टे हळूहळू पडतात. आणि रडू आलं तर टोनी आयोमी आठवा. ब्लॅक सबाथचा हा गिटारिस्ट १९६५ साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवत राहिला. आपलं काय, नेलपेंटच गेलंय!

तीन आठवडे झाले. परवा रात्री सी ओढला. पाचही तारा बोलल्या. हॉलमध्ये शांतता. मग बाबा दारात.

‘‘ही तर पांढरी एक! परत वाजव.’’

वाजवलं. बाबांनी पलंगाखालून पेटी ओढली, भाता हलवला आणि सा, ग, प एकत्र दाबले. माझा सी कॉर्ड म्हणजे त्यांचा पांढरी एकचा सा-ग-प! अकरा वाजेपर्यंत आम्ही तेवढंच वाजवत बसलो. नववीची गोष्ट दोघांनीही काढली नाही.

एफ कॉर्डला एकट्या तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असतात, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. आठवडाभर तरी इज्जत राहू दे की!