घरे मोजली, कंटेनरचे काय?

द्रोणागिरी, प्रतिनिधी

उरण तालुक्याच्या वाट्याला 12 जानेवारी 2024 रोजी एकाच दिवशी दोन प्रकल्प आले. 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे लोकार्पण झाले आणि खारकोपरला थांबलेली लोकल द्रोणागिरीमार्गे उरणला पोहोचली. सेतूवरून दररोज 70 हजारांहून अधिक वाहने धावतील, असा अंदाज तेव्हा वर्तविण्यात आला होता. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात सुमारे 83 लाख, म्हणजे दिवसाला सरासरी 23 हजारांच्या आसपास वाहने धावली. त्याच वेळी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील ट्रेलरच्या रांगा द्रोणागिरीकरांच्या परिचयाच्या आहेत. एका रस्त्यावर अंदाजापेक्षा वाहने कमी, तर दुसऱ्यावर रस्त्याला न पेलणारी गर्दी. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर असे अंदाज बांधले कसे जातात, हे पाहावे लागेल.

चार पायऱ्यांचे गणित

मुंबई महानगरासाठी असा पहिला मोठा अभ्यास विल्बर स्मिथ या संस्थेने केला. मुंबईला समोरच्या किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलाची कल्पना 1963 च्या त्याच अहवालातील. त्यानंतर 1994 मध्ये आणि पुढे एमएमआरडीएने 2008 मध्ये सर्वंकष वाहतूक अभ्यास पूर्ण केला. 2008 च्या अभ्यासासाठी सुमारे 66 हजार कुटुंबांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि 2031 पर्यंतचे चित्र मांडण्यात आले.

या प्रारूपांची पद्धत साधारण सारखीच असते. प्रदेशाचे विभाग पाडायचे. प्रत्येक विभागातून किती प्रवास निघतील, ते कोणत्या विभागात जातील, लोक रेल्वे, बस की मोटार निवडतील आणि कोणत्या रस्त्याने जातील, याचे गणित क्रमाने मांडायचे. भविष्यातील लोकसंख्या, रोजगार व उत्पन्न गृहीत धरायचे. या गृहीतकांपैकी एक ढळले तरी पुढील सर्व पायऱ्या ढळतात. सेतू खुला झाला तेव्हा नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालेला नव्हता. तेथून प्रवासी उड्डाणे 25 डिसेंबर 2025 रोजी सुरू झाली. मोटारीला एका फेरीसाठी 250 रुपये पथकर आहे, हेही विसरून चालणार नाही.

माल घरात राहत नाही

खरी अडचण मालवाहतुकीची आहे. माणसाचा प्रवास घरातून सुरू होतो, म्हणून घरी जाऊन विचारता येते. कंटेनरला घर नसते. 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात 2024-25 मध्ये वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात 73 लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले गेले. त्यांतील मोठा हिस्सा रस्त्यानेच येतो-जातो. भरलेला कंटेनर बंदरातून गोदामात, रिकामा झालेला यार्डात, तेथून पुन्हा कारखान्यात. एका मालासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. सीमाशुल्क खात्याने आयातदाराला थेट बंदरातून माल नेण्याची मुभा वाढविली, त्यानंतर गोदामाची फेरीच अनेकांसाठी टळली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर गोदामे कोठे असावीत, याचाही हिशेब बदलला. घरोघरच्या पाहणीत यातले काहीच दिसणार नाही.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ट्रक म्हणजे तीन मोटारी आणि ट्रक-ट्रेलर म्हणजे साडेचार मोटारी धरण्याची पद्धत आहे. मात्र हे माप चालत्या वाहनाचे आहे. कागदपत्रांसाठी किंवा पाळीसाठी रस्त्याकडेला तासन् तास उभा असलेला ट्रेलर एक अख्खी मार्गिकाच अडवितो. त्याचा आकडा या कोष्टकात बसत नाही.

आकड्यांचे दुष्टचक्र

प्रवाशांची स्थिती याच्या उलट आहे. उरण मार्गावर प्रारंभी दिवसभरात 40 फेऱ्या होत्या. गाड्या कमी म्हणून प्रवासी कमी आणि प्रवासी कमी म्हणून गाड्या वाढविण्याची निकड नाही, असे चक्र अशा मार्गावर सहज तयार होते. आज जे प्रवासी दिसतात तीच मागणी मानली, तर गाडी चुकल्यामुळे रिक्षा किंवा दुचाकीने गेलेला माणूस मोजलाच जात नाही.

उपाय अवघड नाहीत. बंदराच्या प्रवेशद्वारावरील नोंदी, फास्टॅग आणि 2018 पासून लागू झालेली ई-वे बिले यांतून मालाचा माग काढता येतो. प्रवासी आणि माल यांचे गणित एकाच रस्त्यावर एकत्र मांडले पाहिजे. प्रत्येक अंदाजामागील गृहीतके जाहीर व्हावीत आणि प्रकल्प सुरू झाल्यावर ती दरवर्षी तपासली जावीत.

जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये याच परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. ज्यांच्या शेतांवर हे नगर आणि बंदर उभे राहिले, त्यांची मुले आज त्याच रस्त्यावरून ट्रेलरच्या शेजारून दुचाकी हाकतात. अंदाज चुकल्याची किंमत अहवाल लिहिणाऱ्याला नव्हे, त्यांना मोजावी लागते.